गिटारची पट्टी: इंटरनेटवरचे कॉर्ड आपल्या भजनाला कसे लावायचे

गाण्याचं नाव मोबाईलवर टाकलं की त्याचे कॉर्ड समोर येतात: जी, ई मायनर, सी, डी. घरात बसून वाजवलं तर जमतंही. मग तीच गिटार घेऊन गणपतीत नाहीतर सप्ताहात भजनी मंडळाच्या शेजारी बसलं, की पेटीवाले विचारतात, "कोन्त्या पट्टीत वाजवून राह्यला, पोरा?" इथे बहुतेक पोरं गप्प होतात. पट्टी म्हणजे पेटीवरच्या कोणत्या सुराला सा धरून गायचं ते. मोबाईलने कॉर्ड सांगितले होते, पट्टीबद्दल तो काही बोललाच नव्हता.

हा लेख त्या पोरांसाठी आणि पोरींसाठी आहे. अमरावती, यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या गावांत गिटार आता नवलाची राहिलेली नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती असते, भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात असते. शिकवणारा मात्र गावात क्वचितच मिळतो. पण पेटी असते, आणि पेटी वाजवणारं एखादं जाणतं माणूसही असतं. गिटारबद्दल इंटरनेटवर इंग्रजीत जे शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं पेटीच्या भाषेत आपल्याकडे आधीपासून आहे, असं माझं ठाम मत आहे. दोन्हीकडची नावं तेवढी जुळवून घ्यावी लागतात.

बारा स्वर, बारा फ्रेट

पेटीवर एका सा पासून वरच्या सा पर्यंत काळे-पांढरे मिळून बारा स्वर असतात. गिटारच्या मानेवर धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्या फ्रेट. कुठलीही तार आधी मोकळी छेडा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. तोच स्वर वरच्या सप्तकात मिळेल. एक फ्रेट पुढे सरकणं म्हणजे पेटीवर लगतच्या स्वरावर जाणं, मग तो काळा असो की पांढरा. एवढं मनात पक्कं बसलं की गिटारची निम्मी भीती जाते.

फ्रेट एकमेकांपासून सारख्या अंतरावर नसतात, पुढे पुढे ते जवळ येत जातात. बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी बरोबर निम्मी होते. तार ६५० मिलिमीटरची धरली तर पहिला फ्रेट सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो, पाचवा १६३ वर आणि बारावा ३२५ वर. दर फ्रेटला उरलेल्या लांबीला १.०५९५ या आकड्याने भागत जायचं, एवढंच त्यामागचं गणित. हा आकडा स्वतःशी बारा वेळा गुणला की दोन येतात, म्हणून बारा पायऱ्यांत कंपनं दुप्पट होतात. सप्तकाची ही अगदी सारखी वाटणी आहे, आणि आजच्या पेट्याही बहुतेक याच वाटणीवर लावलेल्या असतात. म्हणून गिटार आणि पेटी यांचं जमतं.

गळ्याचं मात्र थोडं वेगळं आहे. लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो. पेटीचा आणि गिटारचा ४०० वर. म्हणजे गिटारचा ग १४ सेंट चढा. पंचमात फरक दोनच सेंटचा आहे, तो कानाला कळतही नाही. पेटीवर जुन्या गवयांचा जो रोष होता, त्याचं एक कारण हेच. दुसरं म्हणजे तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, घेता येत नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंद केली ती पुढची तीन दशकं. गिटारवाल्याला निदान तार ओढून थोडी मींड काढता येते. आणि ज्यांना पूर्ण मींड हवी होती, त्यांनी फ्रेटवर बोट ठेवणंच सोडून तारांवरून धातूची नळी किंवा कांब फिरवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी अशा आडव्या गिटारवर राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांनी तिला जादा तारा जोडून मोहनवीणा केली आणि राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाबरोबर १९९४ चा ग्रॅमी मिळवला.

पेटीवरून गिटार लावणं

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पेटीच्या भाषेत सी म्हणजे पांढरी एक, आणि तिथून पुढे पांढऱ्या नि काळ्या वेगवेगळ्या मोजतात. म्हणून या तारा झाल्या पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. एकही काळी नाही. त्यामुळे नेटवर्क नसलं तरी अडत नाही. तारांचे क्रमांक बारीक तारेपासून मोजतात, म्हणजे सगळ्यात जाड ती सहावी. पेटीवाल्याला पांढरी सहा धरून ठेवायला सांगा आणि तिच्याशी पाचवी तार मिळवा. बाकीच्या तारा गिटारवरच मिळतात. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की ती मोकळ्या पाचव्या तारेशी जुळायला हवी, पाचवी पाचव्या फ्रेटवर चौथीशी, चौथी पाचव्यावर तिसरीशी. तिसरी मात्र चौथ्या फ्रेटवर दाबून दुसरी लावायची, कारण जी आणि बी यांच्यात पाचऐवजी चारच पायऱ्या आहेत. मग पुन्हा दुसरी पाचव्यावर दाबून पहिली.

मोबाईलवर गिटारटूनासारखी ट्यूनर ॲप आहेत आणि ती चांगली आहेत. पण ती मुळात ४४० हर्ट्झच्या ए वर चालतात. हा जगभरचा ठरलेला मापदंड आहे. मंडळाची पेटी जुनी असेल, तिच्या सुरांची पितळी पाती थोडी उतरलेली असतील, तर ॲप हिरवा दिवा दाखवेल आणि तरीही गिटार बेसूर लागेल. अशा वेळी पेटीचं ऐकायचं. पेटीची पाती कार्यक्रमाच्या आधी बदलता येत नाहीत, गिटारच्या खुंट्या दोन मिनिटांत फिरतात. पेटी स्केल चेंजरची असेल तर आधी विचारून घ्या, कारण तिच्यात पट्ट्यांचा सगळा साचाच सरकवलेला असतो. हात पांढरी एकवर दिसतो आणि सूर काळी दोनचा येतो.

उन्हाळ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाच्या छताखाली भिंतीला टेकवलेल्या गिटारचं लाकूड सुकतं, तारा अडकवलेल्या घोडीखालचा डिंक सैल होतो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटवर तार फ्रेटपासून दोन ते तीन मिलिमीटर वर असेल तर ठीक. चारच्या पुढे गेली असेल तर बोटं सोलून निघतील आणि दोष बोटांचा नसेल. नव्या पोरांनी वैतागून गिटार माळ्यावर टाकण्याआधी मोजपट्टी लावून हे अंतर जरूर मोजावं.

कॉर्ड म्हणजे काय

एकाच वेळी वाजणारे तीन स्वर. मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. तिफणीचे तीन फण वावरात कुठेही गेले तरी त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, तसं हे तीन स्वर कुठल्याही सुरावर उचलून ठेवता येतात. तेच अंतर मध्यमापासून धरलं तर म, ध, सा. पंचमापासून धरलं तर प, नि, रे. धैवतापासून मायनर धरली तर ध, सा, ग. बिलावलसारख्या शुद्ध स्वरांच्या चालीला या चार कॉर्डमध्ये जवळजवळ सगळं काम भागतं.

आता सुरुवातीचे कॉर्ड पुन्हा पाहा: जी, ई मायनर, सी, डी. सा जी वर आहे असं धरलं तर ते अनुक्रमे सा चा, ध चा, म चा आणि प चा कॉर्ड ठरतात. इंटरनेटवरच्या कुठल्याही चार्टला, म्हणजे गाण्याच्या लिहिलेल्या कॉर्डना, पहिलं काम हेच करायचं: इंग्रजी नावं पुसून त्या जागी सा, म, प, ध लिहायचं. सा कोणता हे कळण्यासाठी गाणं ज्या कॉर्डवर येऊन विसावतं तो बघा, बहुधा शेवटचाच असतो. चार्ट एकदा असा लिहून ठेवला की तो कुठल्याच एका पट्टीत अडकून राहत नाही.

मग पट्टी. बुवा म्हणाले काळी एक, म्हणजे इंग्रजीत सी शार्प. त्या सुरावरचे कॉर्ड सरळ धरायचे तर प्रत्येकात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं, ते नवशिक्याला जमत नाही. इथे कॅपो लागतो. हा चिमटा ज्या फ्रेटवर लावाल तिथून गिटार नव्याने सुरू होते. सी पट्टीचे कॉर्ड धरताना बोटांची जी ठेवण होते ते सी चे आकार. सी च्या आकारांना पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एक मिळते. ए चे आकार धरले तर कॅपो चौथ्यावर. काळी दोनला सी चे आकार आणि तिसरा फ्रेट, किंवा डी चे आणि पहिला. पांढरी चारला ई चे आकार पहिल्यावर, नाहीतर डी चे तिसऱ्यावर. बायकांच्या भजनात काळी चार आणि काळी पाच नेहमी येतात: काळी चारला जी चे आकार पहिल्यावर, काळी पाचला तेच तिसऱ्यावर. यातले कोणते घ्यायचे हे हातावर ठरतं. सी च्या आकारांत एफ येतो आणि तो नवशिक्यांना छळतो. जी चे आकार सगळे मोकळे, पण त्यांनी काळी एक गाठायची तर कॅपो सहाव्या फ्रेटवर न्यावा लागतो आणि आवाज बारीक होतो. मला तो बारीक आवाज आवडतो. खंजिरी आणि टाळांच्या गजरात खालचे सूर बुडतात, वरचे तरून राहतात.

कॅपो लावणं म्हणजे कच्चेपणा, असं काही पोरं मानतात. बीटल्स या इंग्लंडच्या बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनने १९६९ च्या त्यांच्या एका अतिशय गाजलेल्या गाण्यात कॅपो सातव्या फ्रेटवर लावून डी चे आकार वाजवलेत. ऐकू येते ती पांढरी सहा.

एक गोष्ट चार्ट वाचताना नीट लक्षात ठेवा. वर "कॅपो २" लिहिलेलं असेल तर खाली लिहिलेला जी हा हाताचा आकार असतो, कानाला ऐकू येणारा सूर ए चा असतो. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

मोठ्या बँडकडून काय घ्यायचं

ब्लॅक सॅबथ हा बर्मिंगहॅमचा बँड, १९६८ चा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच निकामी. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं, हलक्या तारा चढवल्या, आणि पुढे गिटार तीन पायऱ्या खाली उतरवली म्हणजे तारा आणखी सैल पडतील. ई वरून तीन पायऱ्या उतरलं की येते सी शार्प. आपली काळी एक! ज्या जड, खोल आवाजावर पुढे हेवी मेटल हा रॉक संगीताचा प्रकार उभा राहिला, त्यात त्या सैल तारांचा मोठा वाटा आहे.

त्या संगीतात सतत वाजणारा पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि प, त्यात ग नसतोच. कारण साधं आहे. आवाज मुद्दाम फाडला की दोन स्वरांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. सा आणि प यांचं प्रमाण २ ला ३, त्यांची वजाबाकी १, आणि तो खालच्या सप्तकातला सा. म्हणून आवाज भरदार होतो. त्यात गिटारचा १४ सेंट चढा ग घातला की वजाबाक्या कुठल्याच स्वरावर बसत नाहीत आणि सगळा गाळ होतो.

आपल्या कामाची गोष्ट यातच आहे. सा-प ची जोडी म्हणजे तंबोरा. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन, जे मोझरीच्या गुरुकुंजापासून विदर्भभर पसरलं, ते कॉर्ड डोळ्यांपुढे ठेवून बांधलेलंच नाही. त्यात ओळीगणिक कॉर्ड बदलले तर चालीचा जीव जातो. तिथे सा-प धरून ठेका सांभाळणं मला कधीही जास्त बरोबर वाटतं. चाल पंचमावर किंवा मध्यमावर बराच वेळ थांबली, तरच कॉर्ड बदलावा.

रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने सहावी तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच तारा जी, डी, जी, बी, डी अशा लावल्या. म्हणजे पांढरी पाचमध्ये सा, प, सा, ग, प. मोकळ्या तारा छेडल्या की कॉर्ड तयार. एका बोटाने सगळी गिटार वाजते, हे नवशिक्याने एकदा करून बघण्यासारखं आहे.

आपल्या देशातला इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड १९९० मध्ये सुरू झाला. सुस्मित सेन २०१३ पर्यंत त्यात होता. त्याची गिटार तिथे कॉर्ड झोडपत नसे; ती सरोदासारखी चाल वाजवायची, आणि खाली राहुल रामची बास गिटार सा धरून असायची. राहुल राम नर्मदा आंदोलनात होता, तिथली लोकांची गाणी बँडमध्ये आली. लोकगीताला गिटार कशी लावावी याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन आणि तबल्यावर रात्रभर जी पदं रंगतात, त्यांना गिटार लावायची कुणाला हौस असेल, त्याने आधी सुस्मित सेनला महिनाभर ऐकावं.

भैरवी आणि यमन

भजन भैरवीवर येतं तेव्हा बिलावलचे चार कॉर्ड उपयोगी पडत नाहीत, कारण रे, ग, ध, नी चारही कोमल. पण गिटारवर भैरवीची एक हक्काची जागा आहे: ई. सा ई वर धरला की भैरवीचे सातही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, काळी एकही लागत नाही. कॉर्ड ई मायनर, एफ, जी, ए मायनर, डी मायनर. एफ सोडला तर सगळे सोपे. ई मायनरवरून एफ वर गेलं की कोमल रिषभाची ती ओळखीची ओढ लगेच ऐकू येते. स्पेनच्या फ्लामेंको गिटारमध्येही हीच ओढ आहे, म्हणून ती आपल्या कानाला परकी वाटत नाही. काळी चारची भैरवी असेल तर कॅपो चौथ्या फ्रेटवर.

यमनात उलट अडचण. मध्यम तीव्र असल्यामुळे म चा कॉर्ड चालीला टोचतो. त्याच्या जागी रे चा मेजर घ्या: रे, तीव्र म, ध. सा सी वर असेल तर हा डी मेजर.

इंटरनेटवर कुठे जायचं

गिटार वाजवणारी माणसं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कॉर्ड आणि टॅब इंटरनेटवर एकमेकांसाठी फुकट लिहीत आली आहेत. ऑनलाइन गिटार आर्काइव्ह हा त्यातला पहिला मोठा साठा १९९२ चा. संगीत प्रकाशकांच्या कायदेशीर पत्रांनंतर तो २००६ मध्ये बंद पडला. १९९८ ला सुरू झालेली अल्टिमेट गिटार आज सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी आहे. तिथलं बहुतेक लिखाण तुमच्या-आमच्यासारख्यांनी कानाने ऐकून लिहिलेलं असतं, म्हणून एकाच गाण्याचे पाच पाठ सापडतात आणि पाचही वेगळे. जास्त लोकांनी तारे दिलेला पाठ आधी घ्या, पण रेकॉर्डिंग लावून पडताळल्याशिवाय मानू नका. पट्टी बदलण्याची सोय तिथेच आहे. आकडा वर-खाली केला की सगळे कॉर्ड सरकतात.

टॅब म्हणजे सहा आडव्या रेघा, सगळ्यात वरची रेघ सगळ्यात बारीक तार. रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट, शून्य म्हणजे मोकळी तार. गाणं लिहायच्या भातखंड्यांच्या स्वरलिपीत स्वर आणि मात्रा दोन्ही असतात, टॅब फक्त बोटाची जागा सांगतो. साध्या अक्षरी टॅबमध्ये स्वर किती वेळ धरायचा हे कळतच नाही. साँगस्टरवर टॅब वाजूनही दाखवला जातो, त्यामुळे ही उणीव बरीच भरून निघते.

कॉर्डिफायसारखी साधनं गाणं ऐकून स्वतः कॉर्ड काढतात. गिटार-कीबोर्डच्या गाण्यांना ती कामाची आहेत. पण जिथे फक्त पेटी चालीबरोबर चालते, खाली खंजिरी असते आणि कॉर्ड मुळात नसतोच, तिथे यंत्र दर दोन मात्रांना काहीतरी कॉर्ड ठोकून देतं. भजनासाठी त्यावर विसंबू नका.

पहिल्या धड्यापासून नीट शिकायचं असेल तर जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचे जस्टिनगिटारवरचे धडे घ्या. फुकट आहेत, क्रमाने आहेत आणि घाई करत नाहीत. इंग्रजी कळत नसेल तरी हात बघून पुष्कळ कळतं. यूट्यूबवर व्हिडिओचा वेग ०.७५ किंवा ०.५ करता येतो, आणि तसं केलं तरी सूर खाली जात नाही, त्यामुळे सोबत वाजवता येतं. नेटवर्क येतं-जातं अशा गावात, तालुक्याला गेलात की धडा ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवा आणि चार्ट वहीत हाताने उतरवा. उतरवताना इंग्रजी नावाखाली सा, म, प, ध लिहा आणि कोपऱ्यात पेटीवाल्यांना विचारून पट्टी लिहा.